मुलाखत झाली, पण व्हिसा अडकला: पार्श्वभूमी-तपासणीच्या काळात जोडीदाराची फाइल ताजी कशी ठेवायची

हे पत्रक नवरा किंवा बायको अमेरिकेत आणि दुसरा जोडीदार नागपुरात असलेल्या आमच्या ग्राहकांसाठी आहे. आय-१३० (जोडीदाराला बोलावण्याचा अर्ज) मंजूर झाला, एनव्हीसीकडे (अमेरिकेच्या नॅशनल व्हिसा सेंटरकडे) कागद गेले, मुंबईला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत मुलाखतही झाली. मग अधिकाऱ्याने २२१-जी लिहिलेली चिठ्ठी हातात दिली आणि त्यानंतर महिनोन्‌महिने काहीच हालचाल नाही. घरी रोज एकच प्रश्न असतो, "कधी येणार व्हिसा?"

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. ही पार्श्वभूमी-तपासणी वेगाने करून घेण्याचा मार्ग आमच्याकडे नाही आणि दुसऱ्या कुणाकडेही नाही. पण तपासणी संपल्यावरही कित्येक फाइली आणखी काही महिने रखडतात. पीसीसीची (पोलिसांच्या चारित्र्य दाखल्याची) मुदत गेलेली असते, पासपोर्ट संपत आलेला असतो, प्रायोजकाचे, म्हणजे अमेरिकेतल्या जोडीदाराचे, कर-कागद जुने झालेले असतात. हा दुसरा उशीर मात्र पूर्णपणे आपल्याला टाळता येतो. या पत्रकाचा भर त्यावरच आहे.

चिठ्ठीचा अर्थ

२२१-जी हे अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यातले कलम आहे. 'आज माझ्यासमोर जे आहे त्यावर व्हिसा देता येत नाही' एवढाच त्याचा अर्थ. संकेतस्थळावर स्थिती 'रिफ्यूज्ड' दिसते आणि ते वाचून घरात रडारड होते. पण हा कायमचा नकार नव्हे. चिठ्ठी नीट वाचा, कारण तिचे दोन प्रकार आहेत. एखादा कागद मागितला असेल, तर घड्याळ तुमच्यावर चालू आहे: एका वर्षात तो दिला नाही तर अर्ज आणि फी दोन्ही पुन्हा भरण्याची वेळ येऊ शकते. 'ॲडमिनिस्ट्रेटिव्ह प्रोसेसिंग' असे लिहिले असेल, तर प्रकरण वॉशिंग्टनला विचारणेसाठी गेले आहे. तिथे एकाहून जास्त यंत्रणा आपापल्या नोंदी तपासतात. सगळ्यांचे उत्तर येईपर्यंत मुंबईचा अधिकारी सही करू शकत नाही, आणि त्या यंत्रणांवर ठरावीक दिवसांची सक्ती नाही. दोन्ही गोष्टींवर खूण असेल तर कागद आधी पोचवा, बाकीचे नंतर.

मुंबईच्या केस नंबरची सुरुवात बी-एम-बी या अक्षरांनी होते. त्या नंबरवर स्थिती पाहताना 'लास्ट अपडेटेड' तारीख मधूनच बदललेली दिसते. त्यावरून काही ताडू नका. कुणीतरी फाइल उघडली तरी ती तारीख बदलते. आठवड्यातून एकदा पाहिले तरी भरपूर झाले.

नावाचा घोळ

नावतपासणीत संगणक तुमच्या नावाशी जुळणारी नावे शोधतो. जुळणी सापडली की ती व्यक्ती तुम्हीच की दुसरी कुणी, हे माणसाला बसून ठरवावे लागते. आपल्याकडची नाव लिहिण्याची पद्धत इथे फार आडवी येते.

लग्नाआधी मुलीचे मधले नाव वडिलांचे, लग्नानंतर नवऱ्याचे, आणि आडनावही बदललेले. म्हणजे एकाच बाईची दहावीची गुणपत्रिका, पॅन, आधार, विवाह नोंदणीचा दाखला आणि पासपोर्ट यांवर तीन वेगळी नावे सहज निघतात. काही घरांत लग्नात ताटातल्या तांदळावर नवे पहिले नावही लिहितात. ते पुढे बँकेत किंवा रेशनकार्डावर चढले असेल, तर तेही 'वापरलेले नाव' ठरते. वानखेडे आणि वानखडे, ठाकरे इंग्रजीत एका 'ए' ने की दोन 'ए' ने, असे फरक तर घरोघरी असतात. मुस्लिम ग्राहकांच्या गुणपत्रिकेवर 'मो.' किंवा 'मोहम्मद', पासपोर्टवर 'मुहम्मद', 'शेख' कधी नावाआधी तर कधी आडनावाच्या रकान्यात, असे दिसते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामा असेल तर अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी 'एफ-एन-यू' छापून येते, म्हणजे पहिले नाव अज्ञात.

उपाय सोपा आहे, पण तो मनापासून करावा लागतो. एका कोऱ्या कागदावर तुमच्या नावाची आजवर कुठल्याही सरकारी कागदावर आलेली सगळी रूपे लिहा. समोर कागदाचे नाव आणि वर्ष टाका. डीएस-२६० या ऑनलाइन व्हिसा-अर्जात 'इतर नावे' विचारली आहेत, तिथे ही सगळी असायला हवीत. राहून गेली असतील तर वकिलातीला दुरुस्ती कळवा, लपवू नका. सोबत 'ही सर्व नावे एकाच व्यक्तीची' असे नोटरी केलेले प्रतिज्ञापत्र, आणि नाव राजपत्रात बदलले असेल तर त्या पानाची प्रत जोडा.

डीएस-५५३५ आला असेल तर

२०१७ पासून काही अर्जदारांना हा जादा प्रश्नांचा नमुना येतो. त्यात मागच्या १५ वर्षांचे सगळे पत्ते, सगळ्या नोकऱ्या आणि सगळा परदेश प्रवास विचारतात, प्रवासाचा खर्च कुणी केला हेसुद्धा. शिवाय आजवरचे पासपोर्ट क्रमांक, भावंडे, मुले आणि आधीचे जोडीदार यांची नावे व जन्मतारखा, आणि मागच्या ५ वर्षांतले मोबाइल नंबर, ईमेल व समाजमाध्यमांवरची खाती.

बहुतेक जण हे एका संध्याकाळी भरून पाठवतात आणि तिथेच चुकतात. निदान चार दिवस घ्या. आधी सगळे जुने पासपोर्ट समोर ठेवून शिक्क्यांवरून प्रवासाची यादी करा. नेपाळ-भूतानला जाताना पासपोर्टवर शिक्का लागतोच असे नाही, म्हणून त्या सहली हमखास सुटतात. पत्त्यांत पुण्यातली होस्टेलची खोली आणि हैदराबादचे सहा महिन्यांचे पीजीही येते. नोकरीच्या तारखा आठवणीतून लिहू नका, नियुक्तीपत्र किंवा पीएफ पासबुकातून घ्या. बंद केलेले सिम ५ वर्षांतले असेल तर तेही लिहा. शेवटी हा नमुना आणि डीएस-२६० शेजारी ठेवून ओळीने ओळ जुळवा. दोन्हींत फरक राहिला तर तपासणाऱ्याला नवा प्रश्न मिळतो आणि वाट आणखी लांबते. पाठवलेल्याची प्रत आणि पाठवल्याची तारीख जपून ठेवा.

नागपूरचा एक खास मुद्दा. अंबाझरीची आयुध निर्माणी, वायुसेना नगर, स्फोटकांचे कारखाने, नीरी किंवा व्हीएनआयटीतले संशोधन, अशा ठिकाणी काम केलेल्यांच्या बाबतीत संवेदनशील तंत्रज्ञानाच्या यादीशी तुलना होण्याची शक्यता जास्त असते. कामाचे वर्णन साधे आणि खरे द्या: कुठल्या विभागात, काय काम, कोणती यंत्रे, कशावर संशोधन. कामाला मोठी इंग्रजी नावे दिली की साधा फिटरही शस्त्रतज्ज्ञ वाटू लागतो. आणि मोघम 'इंजिनिअर' लिहिले की पुन्हा विचारणा होते.

कशाची मुदत कधी संपते

भिंतीवरच्या कॅलेंडरवर या तारखा आजच मांडा.

वैद्यकीय तपासणी साधारण ६ महिने ग्राह्य राहते, काही निदानांत ३ च महिने. व्हिसाची मुदतही तिच्याच पुढे जात नाही. पण इथे घाई करू नका. वकिलातीने सांगितल्याशिवाय दुसऱ्यांदा वैद्यकीय तपासणी केली, आणि पार्श्वभूमी-तपासणीचा निकाल तेवढ्यातही आला नाही, तर तो खर्च आणि मुंबईची फेरी वाया जाते. लसीकरणाची कार्डे मात्र जपा, दुसऱ्या वेळी त्यांचा उपयोग होतो.

पीसीसी साधारण २ वर्षे चालते. भारतीय नागरिकांसाठी ती पासपोर्ट कार्यालयाचीच लागते. पोलीस आयुक्तालयातून वेगळा दाखला आणून उपयोग नाही. फी ५०० रुपये. पासपोर्टवरचा पत्ता आणि राहता पत्ता वेगळा असेल तर ठाण्यातली पडताळणी लांबते, म्हणून मुदत संपायच्या तीन महिने आधी अर्ज टाका. वयाच्या १६ नंतर दुसऱ्या देशात १२ महिने किंवा जास्त राहिला असाल तर तिथलाही दाखला लागतो. आखाती देशांतून तो इथे बसून मागवायला वेळ लागतो. मात्र तो घेतल्यावर त्या देशात पुन्हा गेला नसाल तर जुना दाखलाही चालतो.

पासपोर्टची मुदत एका वर्षाच्या आत आली की नूतनीकरण करा, नवा क्रमांक लगेच वकिलातीला कळवा आणि जुना पासपोर्ट नव्यासोबत ठेवा. नूतनीकरणाच्या वेळी हौसेने नाव 'नीट करून' घेऊ नका. तपासणी चालू असताना नाव बदलणे म्हणजे नावतपासणी नव्याने सुरू करायला निमंत्रण. चिठ्ठीसोबत पासपोर्ट वकिलातीने ठेवून घेतला असेल, तर आधी त्यांच्याकडूनच परत मागवावा लागतो.

आय-८६४, म्हणजे प्रायोजकाचे हमीपत्र. सही केलेला नमुना आपोआप रद्द होत नाही, पण एप्रिल उलटला की नव्या वर्षाचे कर-कागद मागितले जातात. उत्पन्न अमेरिकी दारिद्र्यरेषेच्या १२५ टक्के असावे लागते, आणि ही रेषा दरवर्षी बदलते. जोडीदाराला दर वर्षी कर भरल्यावर ट्रान्सक्रिप्ट (कर-विवरणाचा अधिकृत उतारा) आणि शेवटच्या तीन पगाराच्या पावत्या पाठवायला सांगा.

नात्याचे पुरावेही ताजे लागतात. दर तीन महिन्यांनी थोडे-थोडे जमवा: भेटीची विमानतिकिटे, पैसे पाठवल्याच्या नोंदी, दिवाळी-संक्रांतीला दोन्ही घरच्या माणसांसोबत काढलेले फोटो. पाचशे पाने चॅट नको, निवडक पंधरा-वीस पाने पुरतात.

विचारणा कशी करावी

विचारणा वकिलातीच्या संकेतस्थळावरच्या मार्गाने, दोन ते तीन महिन्यांतून एकदा. मजकुरात केस नंबर, पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख, मुलाखतीची तारीख, कागद जमा केल्याची तारीख आणि एकच प्रश्न: माझ्याकडून काही बाकी आहे का? दर आठवड्याला ईमेल केल्याने जुने उत्तर पुन्हा चिकटवून येते, बाकी काही नाही.

सहा महिने उलटले की अमेरिकेतल्या जोडीदाराने आपल्या मतदारसंघातल्या काँग्रेस सदस्याच्या किंवा सिनेटरच्या कार्यालयात जावे. तिथे प्रायव्हसी रिलीजचा (माहिती देण्याच्या संमतीचा) नमुना भरून दिला की ते कार्यालय परराष्ट्र खात्याकडे चौकशी करते. याला पैसे लागत नाहीत. एका वेळी एकाच कार्यालयाला सांगा. या चौकशीने तपासणी उडी मारत नाही, पण 'अमुक कागद पोचलाच नाही' असे दडलेले कारण कधी कधी बाहेर येते, आणि तेवढ्यासाठीसुद्धा ती करण्याजोगी आहे.

त्यापुढचा मार्ग म्हणजे तिथल्या फेडरल जिल्हा न्यायालयात 'अवाजवी विलंबा'चा दावा. दाखल करण्याची फी ४०५ डॉलर, वकिलाचे वेगळे. सरकारला उत्तरासाठी ६० दिवस मिळतात. न्यायालय फार तर 'निर्णय द्या' म्हणते, 'व्हिसा द्या' म्हणत नाही. २०२४ पासून ही वाट अवघड झाली आहे. वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने करिमोवा प्रकरणात २२१-जी खालचा नकार हाही निर्णयच मानला, आणि त्याच वर्षी जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुन्योझ प्रकरणात म्हटले की परदेशी जोडीदाराला देशात आणण्याचा मूलभूत घटनात्मक हक्क नागरिकाला नाही. त्यामुळे दावा कुठल्या न्यायालयात टाकायचा याला फार महत्त्व आले आहे. आम्ही कागदपत्रांचे काम करतो, अमेरिकी वकील नाही. याबाबतचा सल्ला तिथला परवाना असलेल्या वकिलाकडूनच घ्या. आमचे मत विचाराल तर वर्ष पूर्ण होण्याआधी यावर पैसा घालू नये.

वाट पाहताना

नोकरीचा राजीनामा, घराची विक्री, मुलाची टी.सी., विमानाचे तिकीट: व्हिसा लागलेला पासपोर्ट हातात येईपर्यंत यातले काहीही नाही.

जोडीदार इकडे येऊन राहणार असेल तर जपून. तो नागरिक असला तरी हमीपत्रासाठी त्याचे वास्तव्य अमेरिकेत असल्याचे दाखवावे लागते, आणि दुसरा सहप्रायोजक आणला तरी ही अट सुटत नाही. तिथला भाडेकरार, बँक खाते, वाहन परवाना चालू ठेवावा. ग्रीन कार्डधारकाने सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिल्यास परतताना प्रश्न होतात. वर्षाहून जास्त राहायचे असेल तर निघण्याआधी री-एंट्री परमिटचा (पुन्हा प्रवेशाच्या परवान्याचा) अर्ज करावा.

ग्रीन कार्डधारक जोडीदार या काळात नागरिक झाला, तर प्रमाणपत्राची प्रत लगेच वकिलातीला पाठवा, व्हिसाचा प्रवर्ग बदलतो आणि कोट्यातली रांग संपते. पण सावध: आधीच्या प्रवर्गात आईसोबत किंवा वडिलांसोबत आपोआप येणारी मुले नव्या प्रवर्गात येत नाहीत. प्रत्येक मुलासाठी वेगळा आय-१३० लागतो. वाट पाहताना बाळ झाले तर तेही लगेच कळवा. नागरिकाचे बाळ जन्मतःच अमेरिकी नागरिक असू शकते, आणि मग त्याला व्हिसा नव्हे, वकिलातीतली जन्मनोंद आणि पासपोर्ट लागतो.

"वकिलातीत ओळख आहे, क्लिअरन्स काढून देतो" असा फोन आला तर ठेवून द्या. असा पैसा घेणाऱ्याने एखादा बनावट कागद फाइलमध्ये टाकला, तर त्याचे परिणाम कायमचे भोगावे लागतात.

पासपोर्ट मागितला की

हा निरोप ईमेलवर येतो, म्हणून स्पॅम रोज बघा. नवी वैद्यकीय तपासणी लागणार असेल तर ती, पासपोर्ट जमा करणे आणि मुंबईची दुरांतो किंवा विदर्भ एक्सप्रेस यांचा मेळ एकाच फेरीत घाला. व्हिसा हातात आला की तिथल्या तिथे नाव, जन्मतारीख आणि प्रवर्ग तपासा. सीलबंद पाकीट दिले असेल तर उघडू नका. निघण्याआधी २३५ डॉलरची इमिग्रंट फी ऑनलाइन भरा. आणि व्हिसावर सीआर-१ (लग्नाला २ वर्षे न झालेल्या जोडीदाराचा प्रवर्ग) छापले असेल, पण अमेरिकेत उतरायच्या दिवशी लग्नाला २ वर्षे पूर्ण झाली असतील, तर विवाहाचा दाखला हातातल्या बॅगेत ठेवा आणि विमानतळावरच्या अधिकाऱ्याला आयआर-१ (२ वर्षे झालेल्यांचा प्रवर्ग) म्हणून नोंद करायला सांगा. ती नोंद झाली नाही तर १० ऐवजी २ वर्षांचे सशर्त कार्ड येते, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ (कार्डावरची अट काढण्याचा अर्ज) भरायचे काम मागे लागते.