जुगारघरातील सरबराई आणि तिची कपात

जुगारघर चालवणारा खेळणाऱ्यांना वेगळे पैसे न घेता ज्या सोयी पुरवतो, त्यांना मिळून सरबराई म्हणता येईल. चहा-नाश्ता, जेवण, दारू, मुक्कामाची खोली, न्यायला-आणायला गाडी, फुकट चिप्स (खेळात पैशांऐवजी लावायच्या चकत्या) आणि उधारी हे तिचे नेहमीचे प्रकार. कॅसिनोच्या धंद्यात या सोयींना ‘कॉम्प’ म्हणतात. लास वेगाससारख्या शहरांत गेल्या काही वर्षांत त्यांना चांगलीच कात्री लागली आहे. विदर्भाच्या खेड्यांत कॅसिनो नाही. तरी तिथल्या माणसाची या सरबराईशी गाठ पडते ती गावालगतच्या पत्त्यांच्या अड्ड्यावर, गोव्याच्या सहलीत आणि हातातल्या मोबाइलवर. तिन्ही ठिकाणी फुकट म्हणून समोर येणाऱ्या वस्तूचा खर्च खेळणाऱ्यांच्या हरण्यातूनच निघतो, आणि ती वस्तू दिल्याशिवायही माणूस बसून राहतो असे दिसले की ती बंद होते.

पत्त्यांचा जुगार ग्रामीण विदर्भात वर्षभर चालतो, पण त्याचा खरा हंगाम पोळ्याचा. निंदण-डवरणीची घाई ओसरलेली असते, बैलांचा सण असतो, दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा असतो आणि बाहेरगावी गेलेली मंडळी गावात आलेली असतात. शेतातला गोठा, नाल्याकाठचे झाड, ढाब्यामागची खोली अशा आडोशाला सतरंजी पसरून ‘बावन्न पत्ते’ सुरू होतात. पोळ्याच्या आठवड्यात पोलिसांचे छापेही याच कारणाने वाढतात.

तीन पत्तीच्या फडावर जागा, पत्ते आणि पहारा पुरवणारा माणूस स्वतः खेळतोच असे नाही. त्याची कमाई म्हणजे नाल. डाव संपून जिंकणाऱ्याने पैसे ओढायला हात पुढे केला, की आधी त्या ढिगातून ठरलेली नोट उचलली जाते आणि डब्यात पडते. जिंकणाऱ्याला त्या क्षणी तिचे काही वाटत नाही, कारण उरलेला सगळा ढीग त्याचा असतो. हरणाऱ्याचे पैसे तर आधीच गेलेले, त्यामुळे ती नोट त्याला आपली वाटत नाही. नाल कुणालाच बोचत नाही, हीच तिची ताकद.

उदाहरणादाखल हिशेब मांडून पाहू. दहा जण प्रत्येकी २,००० रुपये घेऊन बसले, म्हणजे सतरंजीवर एकूण २०,००० रुपये आले. डाव सरासरी १,००० रुपयांचा, दर डावाला नाल ५० रुपये, तासाला २० डाव. सहा तासांत १२० डाव होतात आणि डब्यात ६,००० रुपये जमतात. दहा जणांत कुणीही जिंको, कुणीही हरो, सगळ्यांच्या खिशांत मिळून १४,००० रुपयेच उरले. चहा, आलूबोंडे आणि खर्ऱ्याच्या पुड्या यांवर अड्डेवाल्याने १,००० रुपये उडवले, तरी ५,००० त्याचे. रात्रभर बसणाऱ्याला मात्र आठवतो तो मिळालेला खर्रा. आपल्या डावांतून गेलेल्या नोटा त्याने मोजलेल्या नसतात.

खर्रा इथे महत्त्वाचा आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेली ही पुडी हवी झाली, की माणूस पानटपरीकडे जायला उठतो. उठला की थोडा भानावर येतो, खिसा चाचपतो, कदाचित घरी जातो. पुडी जागेवर आणून दिली की तो उठत नाही. तेच नाश्त्याचे, तेच पाण्याचे. खेळाचे तास वाढले की डाव वाढतात आणि डाव वाढले की नाल वाढते. म्हणूनच जिथे माणसे जमवावी लागतात तिथे सरबराई भरपूर असते. पोळ्यासारख्या दिवसांत गर्दी आपसूक येते. मग खाण्यापिण्यावर खर्च करण्याचे अड्डेवाल्याला कारण उरत नाही.

कायद्याच्या नजरेतूनही नाल हा कळीचा मुद्दा आहे. १८८७च्या जुगार प्रतिबंधक कायद्यात सार्वजनिक जुगारघराची व्याख्या जागा किंवा साधने वापरू देऊन मिळवलेल्या फायद्यावर उभी आहे. कलम ४ अड्डा चालवणाऱ्याला लागू होते, कलम ५ तिथे सापडणाऱ्याला, आणि उघड्यावरच्या जुगाराला कलम १२. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवला, तेव्हाही पैसे लावून चाललेल्या खेळातून जागेचा मालक नफा काढत असेल तर गुन्हा होऊ शकतो, असे स्पष्ट केले होते. नाल घेऊन तिला ‘चहापाण्याचे पैसे’ म्हटल्याने हा प्रश्न सुटत नाही.

मटका किंवा सट्टापट्टीत सरबराई जवळजवळ नाहीच. मटक्याची सुरुवात १९६०च्या दशकात मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर आकडा लावण्यातून झाली. कापूस पिकवणाऱ्या विदर्भात हा जुगार खोलवर रुजला आहे. इथे फड बसत नाही. माणूस टपरीवर येतो, आकडा सांगतो, चिठ्ठी घेऊन जातो. त्याला बसवून ठेवायचेच नसल्यामुळे चहाची गरज नाही. एका आकड्याला रुपयामागे साधारण नऊ रुपये मिळतात, आणि तो लागण्याची शक्यता दहात एक. म्हणजे दर शंभर रुपयांतले सरासरी दहा खायवालाकडे, म्हणजे आकडे घेणाऱ्याकडे, राहतात. एका शून्याच्या रुलेटमध्ये, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावरच्या जुगारात, कॅसिनोकडे २.७ टक्के राहतात, हे शेजारी ठेवून पाहावे.

झरी-जामणी, वणी, राजुरा, कोरपना या पट्ट्यातील कोंबड बाजाराची तऱ्हा आणखी वेगळी. कोंबड्याच्या पायाला धारदार काती बांधून झुंज लावतात. हरलेला कोंबडा जिंकणाऱ्याने न्यायचा, आणि संध्याकाळचे जेवण त्यातूनच व्हायचे. तिथे मुक्या जनावराचे हाल होतात. प्राण्यांना झुंजवणे १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि तो तसाच हाताळला जायला हवा.

कॅसिनोतील सरबराई अंदाजावर चालत नाही, तिला सूत्र आहे. सरासरी पैज, तासाला होणारे डाव, बसलेले तास आणि त्या खेळात कॅसिनोकडे राहणारा टक्का यांचा गुणाकार म्हणजे त्या माणसाचे अपेक्षित नुकसान. समजा एक जण १,००० रुपयांच्या पैजेने, तासाला ६० डाव, असा चार तास खेळला. त्याने एकूण २,४०,००० रुपयांच्या पैजा लावल्या. कॅसिनोचा टक्का २ धरला तर अपेक्षित नुकसान ४,८०० रुपये. त्यातला काही भाग सोयींच्या रूपाने परत करायचा. चौथा हिस्सा धरला तर १,२०० रुपयांचे जेवण आणि पेय. त्या रात्री तो प्रत्यक्षात जिंकला की हरला, याने हा आकडा सहसा बदलत नाही. पूर्वी टेबलावरचा व्यवस्थापक हे नजरेने ठरवत असे. १९८०-९०च्या दशकांपासून सदस्य कार्ड आणि संगणक ते पैशापैशापर्यंत मोजू लागले.

मोजमाप आले आणि कपात सोपी झाली. नेवाडा राज्याने १९३१ साली जुगार खुला केला, त्यानंतर कित्येक दशके लास वेगासमध्ये स्वस्त जेवण आणि फुकट दारू हीच गिऱ्हाइकाला ओढणारी गोष्ट होती. १९९०चे दशक संपता संपता तिथल्या मुख्य रस्त्यावरच्या, म्हणजे स्ट्रिपवरच्या मोठ्या हॉटेलांची खोल्या, खानावळी आणि करमणूक यांतली कमाई जुगाराच्या कमाईच्या पुढे गेली. मग जे फुकट दिले जात होते तेच विकण्याचा माल झाले. एमजीएम रिसॉर्ट्स या कॅसिनो कंपनीने २०१६मध्ये स्ट्रिपवरील आपल्या हॉटेलांत पार्किंगला पैसे लावले. त्याच सुमारास काही बारांमध्ये व्हिडिओ पोकरच्या यंत्रांना दिवे बसले. खेळ पुरेसा झाल्याचा रंग दिसला की मगच फुकटचा पेला भरायचा. २०२०मध्ये कोविडच्या काळात बंद पडलेले कित्येक बुफे पुन्हा उघडलेच नाहीत.

यापेक्षाही मोठी कपात डोळ्यांना दिसत नाही. ब्लॅकजॅक या पत्त्यांच्या खेळात पहिल्याच दोन पत्त्यांत २१ आले तर १,००० रुपयांवर १,५०० मिळत; बऱ्याच टेबलांवर आता १,२०० मिळतात. एवढ्या बदलाने कॅसिनोचा टक्का सुमारे १.४ने वाढतो. रुलेटच्या दोन शून्यांच्या चाकावर काही ठिकाणी तिसरे शून्य आले आणि ५.२६चा टक्का ७.६९वर गेला. फुकटचे जेवण बंद झाले की गिऱ्हाईक तक्रार करते. चाकावर एक घर वाढले तर बहुतेकांच्या लक्षातही येत नाही, आणि खिसा मात्र तिथेच जास्त रिकामा होतो.

महाराष्ट्राने १९७६ साली कॅसिनोचा कायदा केला, पण तो कधी अमलात आणला नाही आणि २०२३मध्ये रद्दच केला. त्यामुळे विदर्भातील हौशी माणूस गोव्याला जातो. नागपूरहून वर्धा, बडनेरा, अकोला असे थांबे घेत मडगावला जाणारी रेल्वे आहे, विमानही आहे. मांडवीतल्या तरंगत्या कॅसिनोंच्या प्रवेश तिकिटात सहसा जेवण, पेये आणि काही रकमेच्या चिप्स येतात. यातल्या ठरावीक चिप्स फक्त खेळता येतात, रोख करून घेता येत नाहीत. वर्धा आणि गडचिरोली हे दारूबंदीचे जिल्हे, चंद्रपुरातही २०१५ ते २०२१ बंदी होती. त्या भागातल्या माणसाला ‘खाणेपिणे सगळे पॅकेजमध्ये’ या शब्दांची भुरळ जास्त पडते. खुद्द गोव्याच्या रहिवाशांना मात्र १ फेब्रुवारी २०२०पासून या कॅसिनोंत खेळायला मनाई आहे. आपल्या लोकांना जपून बाहेरच्यांना बसवायचे, हे धोरण विदर्भाने नीट लक्षात घ्यावे असे आहे.

गोव्यातील सरबराईवर ताण आहे तो कराचा. १ ऑक्टोबर २०२३पासून कॅसिनोत चिप्ससाठी भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागू झाला आणि २२ सप्टेंबर २०२५पासून तो ४० टक्के झाला. कर मालकाने सोसला तर त्याचा नफा घटतो, गिऱ्हाइकावर टाकला तर गिऱ्हाईक कमी होते. अशा पेचात पहिला हात फुकट चिप्सवर आणि खाण्यापिण्यावर पडणे साहजिक आहे.

मोबाइलवर चहाची जागा बोनसने घेतली. खाते उघडले की बोनस, मित्राला जोडले की बोनस, हरलात तर थोडे परत. हा बोनस तसाच काढून घेता येत नसे. तो ठरावीक वेळा पैजेत फिरवावा लागे आणि तेवढ्यात बहुतेकदा संपे. ऑगस्ट २०२५मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला आणि देशातल्या मोठ्या कंपन्यांनी असे खेळ थांबवले. बोनसही त्यांच्याबरोबर गेले. क्रिकेटवर पैसे लावण्यासाठी बुकी देतो ती ‘आयडी’ मात्र चोरून चालूच आहे, कारण तिला कंपनी लागत नाही. ओळख आणि उधारी पुरते.

सर्वांत घातक सोय हीच उधारी. चहा बंद होतो, जेवण बंद होते, उधारी शेवटपर्यंत टिकते, कारण ती देणाऱ्याला फायद्याची असते. सोयाबीन आणि कापसाचा चुकारा हातात येतो त्या दिवसांत ती वसूल होते. बी-बियाणे, पोरांची फी, दुकानदाराची बाकी यांच्या आधी जुगाराचे देणे फेडले जाते, कारण तगादा तिथलाच मोठा असतो. पिकाला भाव नसलेल्या वर्षी हे देणे पुढच्या हंगामावर व्याजासह जाते, आणि कधी शेताच्या सातबाऱ्यापर्यंत पोचते.

वास्तविक भारतीय करार कायदा, १८७२ याच्या कलम ३०प्रमाणे पैजेचा करार निरर्थक आहे. पैजेत जिंकलेली रक्कम मिळवण्यासाठी न्यायालयात दावा लावता येत नाही. अड्ड्यावर विनापरवाना व्याजाने पैसे देणारा महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ याखाली गुन्हेगार ठरतो. त्याच्याविरुद्ध सहकारी संस्थांच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते, आणि सावकारीत बळकावलेली जमीन परत मिळवण्याची तरतूदही याच कायद्यात आहे. जुगाराचे व्यसन हा मानसिक आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणात नोंदलेला आहे. त्यावर बोलण्यासाठी सरकारची ‘टेली मानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर मराठीतही मिळते.