युरोपात फ्युएल सेलवर पोस्टडॉक: मारी क्युरी फेलोशिपची पात्रता, कागदपत्रं आणि अर्जाची पद्धत

हायड्रोजन, इलेक्ट्रोलायझर (विजेने पाण्यापासून हायड्रोजन काढणारं यंत्र) किंवा फ्युएल सेल (हायड्रोजनपासून वीज बनवणारा घट) यांपैकी कशावर तरी पीएचडी झाली आहे आणि पुढची एक-दोन वर्षं युरोपातल्या प्रयोगशाळेत काम करायचंय, तर युरोपीय संघाच्या मारी स्क्वोदोव्स्का-क्युरी पोस्टडॉक्टरल फेलोशिपची माहिती असायलाच हवी. तिच्या 'युरोपियन फेलोशिप' या प्रकारात भारतीयांना अर्ज करता येतो, वयाची अट नाही आणि विषय आपला आपण ठरवायचा असतो. कालावधी १२ ते २४ महिने.

आपल्याकडच्या फेलोशिपची सवय असलेल्यांची एका ठिकाणी हमखास गफलत होते. नियमाप्रमाणे इथे अर्जदार तुम्ही नसता, यजमान संस्था असते. युरोपीय आयोगाच्या पोर्टलवर प्रस्ताव उघडतो तिथला मार्गदर्शक, मुख्य संपर्क म्हणून नाव लागतं त्याचं, आणि तुम्हाला त्यात 'संशोधक' म्हणून जोडलं जातं. मजकूर बहुतांशी तुम्हीच लिहिता, पण यजमान तयार नसेल तर अर्जच अस्तित्वात येत नाही. म्हणून अर्जाचं खरं काम जाहिरात निघायच्या कितीतरी आधी सुरू होतं. २०२५ ची फेरी ८ मे रोजी उघडली आणि १० सप्टेंबरला ब्रुसेल्सच्या घड्याळाने संध्याकाळी ५ वाजता, म्हणजे आपल्याकडे रात्री साडेआठला, बंद झाली. मेमध्ये मार्गदर्शक शोधायला निघालात तर उशीर झालेला असतो. बऱ्याच संस्था युरोपातल्या उन्हाळ्याआधीच आपापले उमेदवार ठरवून मोकळ्या होतात.

खालचे नियम आणि रकमा २०२५ च्या फेरीतल्या आहेत. तुमच्या फेरीची मार्गदर्शक पुस्तिका उघडून त्या पुन्हा ताडून पाहा.

पात्रता

पहिली अट पीएचडीची, आणि अंतिम तारखेपर्यंत ती हातात हवी. दुसरी, पीएचडी मिळाल्यापासून संशोधनाचा अनुभव ८ वर्षांपेक्षा जास्त नको. यात संशोधनाबाहेरची नोकरी किंवा बाळंतपणासारखा खंड धरत नाहीत. युरोपाबाहेर केलेल्या संशोधनाची वर्षंही वगळतात, पण ती सवलत युरोपात परतणाऱ्या तिथल्या नागरिकांना आणि दीर्घकालीन रहिवाशांना आहे. तुम्ही पुण्यात किंवा पवईत रिसर्च असोसिएट म्हणून काढलेली वर्षं मोजली जाणारच.

तिसरी अट स्थलांतराची, आणि बाद होणारे अर्ज बऱ्याचदा इथेच अडकतात. अंतिम तारखेच्या आधीच्या ३६ महिन्यांत यजमान देशात एकूण १२ महिन्यांहून जास्त राहिलेले किंवा काम केलेले नको. समजा, १० सप्टेंबर २०२२ नंतर तुम्ही कुठल्याशा शिष्यवृत्तीवर जर्मनीत युलिशला ९ महिने होतात आणि नंतर फ्रायबुर्गला ४ महिने. बेरीज १३. त्या फेरीपुरतं जर्मनीचं दार बंद. डेन्मार्क, नॉर्वे, फ्रान्स मात्र खुले, कारण अट देशाची आहे, युरोपची नाही. पासपोर्टवरचे शिक्के आणि नियुक्तिपत्रं समोर घेऊन तारखा मांडा. अंदाजाने चालत नाही.

एका फेरीत एकच प्रस्ताव देता येतो. ७० टक्क्यांहून कमी गुण पडले तर पुढच्या वर्षी त्याच यजमान संस्थेबरोबर पुन्हा अर्ज करता येत नाही. 'यंदा सरावासाठी टाकून बघू' हा विचार त्यामुळे महागात पडू शकतो.

यजमान कसा शोधायचा

युरॅक्सेस या संशोधकांसाठीच्या युरोपीय संकेतस्थळावर संस्था उमेदवार मागवणाऱ्या सूचना टाकतात, तिथे नजर ठेवावीच. हायड्रोजनवाल्यांना त्याहून चांगली एक वाट आहे. युरोपीय संघाची 'क्लीन हायड्रोजन पार्टनरशिप' आणि तिच्याआधी २००८ पासून चाललेला फ्युएल सेल उपक्रम यांनी पैसा दिलेले प्रकल्प कॉर्डिस या माहितीसाठ्यात सापडतात. कुठली प्रयोगशाळा मेम्ब्रेनच्या टिकाऊपणावर काम करते, कोण इरिडियम या महागड्या धातूचा वापर कमी करायच्या मागे आहे, भागीदार कंपनी कोणती, हे सगळं तिथे वाचायला मिळतं. त्यातून पाच-सहा नावं निवडा आणि प्रत्येकाला वेगळी ईमेल लिहा. 'आदरणीय प्राध्यापक, मला आपल्या गटात रस आहे' अशी ईमेल वाचली जात नाही. 'तुमच्या प्रकल्पात कॅथोडचा ऱ्हास चालू-बंद चक्रांत मोजला आहे. माझ्या प्रबंधात प्लॅटिनम-मिश्रधातूंवर तीच चाचणी आहे. दोन्ही जोडून असा प्रश्न विचारता येईल', इतपत नेमकेपणा हवा. सोबत दोन पानी सीव्ही आणि एक पानी कल्पना. पुरे.

प्रस्ताव

भाग 'अ' म्हणजे ऑनलाइन फॉर्म. भाग 'ब-१' मध्ये १० पानांत सगळं शास्त्र आणि नियोजन. 'ब-२' मध्ये सीव्ही, संस्थांची क्षमता, नैतिक बाबी. गुणांची वाटणी अशी: दर्जा ५० टक्के, परिणाम ३०, अंमलबजावणी २०. आपल्याकडचे लोक दर्जावर जीव ओततात आणि 'परिणाम' शेवटच्या रात्री लिहितात. हरित हायड्रोजनमुळे पृथ्वी वाचेल, हे परीक्षकाला सांगायची गरज नसते. क्लीन हायड्रोजन पार्टनरशिपच्या आराखड्यात खर्च, आयुष्य, प्लॅटिनमचं प्रमाण यांची लक्ष्यं आकड्यांत दिली आहेत. तुमचं काम त्यातल्या कोणत्या आकड्याला हात घालतं ते लिहा. चाचण्या कशा करणार हे सांगताना युरोपीय संयुक्त संशोधन केंद्राने पीईएम (म्हणजे प्रोटॉन वाहून नेणारं मेम्ब्रेन असलेल्या) फ्युएल सेलसाठी काढलेल्या समान चाचणी-पद्धतींचा आधार घ्या. त्यावरून माणूस क्षेत्रातला आहे हे लगेच कळतं.

परीक्षक-गट निवडताना घाई करू नका. उत्प्रेरक किंवा मेम्ब्रेनचं रसायन असेल तर रसायनशास्त्र. स्टॅक, उष्णता-व्यवस्थापन, प्रणाली असेल तर अभियांत्रिकी. चुकीच्या गटात गेलेला चांगला प्रस्तावही फिका पडतो.

सेकंडमेंटची, म्हणजे काही काळ दुसऱ्या संस्थेत जाऊन काम करायची, सोय बरेच जण वापरत नाहीत. एकूण काळाच्या एक तृतीयांशापर्यंत दुसऱ्या संस्थेत काम करता येतं, आणि ती संस्था जगात कुठेही चालते. सीएसआयआर ही सरकारी संशोधन परिषद आणि केपीआयटी ही कंपनी यांनी पुण्यात फ्युएल सेलवरची गाडी २०२० मध्ये चालवून दाखवली होती. अशा अनुभवाच्या गटात काही महिने आपला नमुना तपासायची योजना कागदावर भक्कम दिसते. शिवाय शेवटी ६ महिन्यांपर्यंत कंपनीत जादा काम करता येतं, पण ती कंपनी युरोपीय संघातली किंवा त्याच्याशी संलग्न देशातली हवी आणि तिचं संमतिपत्र जोडावं लागतं.

यजमान पोर्तुगाल, पोलंड, चेकिया, ग्रीस अशा देशांतला असेल तर त्याच अर्जावर अशा देशांसाठीच असलेल्या 'ईआरए फेलोशिप'साठीही विचार होऊ शकतो. वेगळा प्रस्ताव लागत नाही. २०२५ मध्ये १७ हजारांहून जास्त अर्ज आले, तेव्हा ही दुसरी संधी हलक्यात घेऊ नये.

पैसे

महिना ५,९९० युरो निर्वाह, ७१० युरो स्थलांतर भत्ता, कुटुंब असेल तर ६६० युरो. हा आकडा पाहून हुरळू नका. निर्वाहाची रक्कम देशानुसार कमी-जास्त होते, आणि मालकाचा सामाजिक सुरक्षेचा वाटा व तुमचा कर दोन्ही यातूनच जातात. संशोधन-खर्चासाठी संस्थेला महिना १,००० युरो वेगळे मिळतात. प्लॅटिनम, इरिडियम आणि मेम्ब्रेनच्या भावात ते लवकर संपतात. चाचणी-यंत्रणा आणि साहित्य गटाकडे आधीच आहे ना, हे मार्गदर्शकाला स्पष्ट विचारा.

कागदपत्रं

अर्जाच्या वेळी फार काही लागत नाही: ईयू लॉगिन (आयोगाच्या पोर्टलवरचं खातं), सीव्ही, प्रकाशनांची यादी आणि पीएचडीच्या तारखेचा पुरावा. आपल्याकडे व्हायव्हा, विद्यापीठाची अधिसूचना, प्रोव्हिजनल सर्टिफिकेट आणि पदवीदान यांच्या तारखा वेगवेगळ्या असतात. यांपैकी कोणती धरायची ते यजमान संस्थेच्या प्रकल्प कार्यालयाकडून लेखी घ्या आणि अर्जात सगळीकडे तीच लिहा.

निकाल साधारण फेब्रुवारीत लागतो. निवड झाल्यावर नोकरीचा करार संस्था करते, आणि व्हिसासाठी लागणारी कागदपत्रंही तिच्याकडूनच येतात. पदवीवर राज्य शासनाचं साक्षांकन आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल (कागद परदेशात ग्राह्य धरायचा शिक्का) लागू शकतो. कोणत्या देशाला काय चालतं ते आधी विचारून घ्या. सरकारी किंवा अनुदानित कॉलेजात नोकरीला असाल तर ना-हरकत दाखला आणि रजेचा अर्ज निकालाची वाट न बघता पुढे सरकवा. ही फेलोशिप पूर्णवेळ नोकरी असते, आणि आपल्या कार्यालयांत फाइल कोणत्या वेगाने चालते ते तुम्हाला माहीतच आहे.