आयसी कॉलनीतला ‘आयसी’ कोणाचा?

बोरिवलीला रिक्षात बसताना आपण सहज ‘आयसी कॉलनी’ म्हणतो. ही दोन अक्षरं ‘इमॅक्युलेट कन्सेप्शन’ची, मंडपेश्वर लेण्यांजवळच्या चर्चच्या नावातली. मराठीत निष्कलंक गर्भसंभव. याचा अर्थ विचारला की बहुतेक जण, त्यात रविवारी न चुकता मिसाला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, येणारेही आले, सांगतात: कुमारी मरियेच्या पोटी येशू राहिला ते. पण हा गर्भ येशूचा नव्हे, मरियेचा.

मरिया आपल्या आईच्या, अ‍ॅनाच्या पोटात आली त्या क्षणापासून मूळ पापाचा, म्हणजे आदाम-एवेपासून प्रत्येक माणसाला जन्मतःच चिकटणाऱ्या पापाचा, डाग तिला लागला नाही, एवढीच ती शिकवण. बाकी सगळं चारचौघांसारखं. आईबापांच्या संसारातूनच ती जन्मली. ‘निष्कलंक’ म्हणजे ‘शरीरसंबंधाशिवाय’ असं लोकांच्या डोक्यात बसलंय, ते मला फार खुपतं. तसं धरलं तर नवराबायकोचं एकत्र येणंच कलंक ठरेल, आणि चर्च असं कधीच शिकवत नाही.

येशू मरियेच्या पोटी आला ते देहधारण, आणि ती त्याहून कितीतरी मोठी गोष्ट. तिथे देवाचा अनादी पुत्र स्वतः माणूस होतो. नऊ महिने पोटात वाढतो, भुकेजतो, थकतो, रडतो, मरतो. ‘अवतार’ हा शब्द मला इथे अपुरा वाटतो. अवतारकार्य कधीतरी संपतं. इथे पुनरुत्थानानंतरही घेतलेला देह सुटत नाही. ४५१ साली खाल्केदोनच्या धर्मपरिषदेने हे नेमकं मांडलं: पूर्ण देव, पूर्ण माणूस, व्यक्ती एकच. मरियेबद्दलच्या शिकवणीची घोषणा पोप नववे पायस यांची, १८५४ची. बायबलात ती स्पष्ट सांगितलेली नाही, म्हणून प्रॉटेस्टंट मंडळी ती मानत नाहीत. देहधारण मात्र आम्हा कॅथलिकांइतक्याच ठामपणे मानतात.

घोटाळा होतो तो ८ डिसेंबरच्या मिसात. सण मरियेच्या गर्भसंभवाचा, पण शुभवर्तमान वाचतात ते बायबलातल्या लूकच्या पुस्तकातलं, गब्रिएल देवदूत तिला येशूच्या जन्माचा निरोप देतो ते. कारण तो तिला कृपेने भरलेली म्हणतो, आणि चर्च त्यातच तिचं निष्कलंकपण पाहतं. नेमका हाच उतारा २५ मार्चला, देहधारणाच्या सणालाही असतो. मग ऐकणाऱ्याने दोन्ही एकच समजले तर त्याचा काय दोष?

धर्मशिक्षणाच्या वर्गात मी मुलांना बोटांवर महिने मोजायला लावते. ८ डिसेंबरपासून नऊ महिने: ८ सप्टेंबर, मरियेचा जन्मदिवस. त्यानंतरच्या रविवारी वांद्र्याला मोत माउलीची (माउंट मेरीची) जत्रा भरते, मेणाचे हात, पाय, घरं, तान्ही बाळं घेऊन लोक डोंगरी चढतात. ते मुलांना लगेच पटतं. मग २५ मार्चपासून मोजायचं: नाताळ.

२५ मार्च बहुधा ईस्टरआधीच्या उपासकाळात येतो, कामाच्या दिवशी. चर्चमध्ये गर्दी नसते. पण क्रीड, म्हणजे श्रद्धेची कबुली, म्हणताना ‘मनुष्य झाला’ या शब्दांपाशी सगळे गुडघा टेकतात. एरवी तिथे नुसती मान लववतात. गुडघा टेकायचा तो वर्षात दोनच सणांना, नाताळला आणि त्या दिवशी.