मुलांच्या झोपेतील श्वासाचे अडथळे : लक्षणांच्या ओळखीचा इतिहास

झोपेत श्वास अडणाऱ्या मुलाची बहुतेक लक्षणे डॉक्टरांच्या नजरेस एकोणिसाव्या शतकातच आली होती, पण त्यांचा संबंध झोपेशी जोडला जायला पुढची बरीच दशके जावी लागली. १८६८ मध्ये कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर यांनी नाकाच्या मागे वाढणाऱ्या टॉन्सिलसारख्या ऊतीचे, म्हणजे अ‍ॅडेनॉइडचे वर्णन केले. १८८९ मध्ये विल्यम हिल यांनी ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये लिहिले की, शाळेत मंद आणि आळशी ठरवलेले, तोंडाने श्वास घेणारे, रात्री घोरणारे आणि सकाळी कोरड्या तोंडाने उठणारे मूल डॉक्टरांनी आवर्जून तपासावे. तीनच वर्षांनी विल्यम ऑस्लर यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात टॉन्सिल सुजलेल्या मुलांचा मोठ्या आवाजातील श्वास, मध्येच पडणारा लांब खंड आणि त्यानंतरचा खोल, घरघरणारा श्वास नोंदवला. आजही पालकांना नेमके हेच विचारले जाते.

इतके स्वच्छ दिसलेले चित्र पुढे पुसट का झाले? विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात टॉन्सिल काढण्याची शस्त्रक्रिया सर्रास होऊ लागली, पण तिचे मुख्य कारण जंतुसंसर्ग हे होते. १९३८ मध्ये अ‍ॅलिसन ग्लोव्हर यांनी दाखवले की, इंग्लंडमध्ये या शस्त्रक्रियेचे प्रमाण भागाभागानुसार विलक्षण बदलते आणि त्याचे पटण्याजोगे वैद्यकीय कारण सापडत नाही. प्रतिजैविके आल्यावर ते प्रमाण घटत गेले. या सगळ्या वादात रात्रीचा विचार जवळजवळ कोणी केला नाही, आणि त्यात फारसे नवलही नाही, कारण डॉक्टरांसमोर येणारे मूल दिवसा आणि जागेच येत असे.

१९६५ मध्ये चित्र पालटू लागले. टॉन्सिल आणि अ‍ॅडेनॉइड फार वाढल्यामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो आणि ते काढल्यावर तो ओसरतो, हे जॅकलिन नूनन यांच्यासह काही डॉक्टरांनी त्या वर्षी मांडले. त्याच वर्षी युरोपात प्रौढ रुग्णांच्या झोपेची रात्रभर नोंद घेऊन श्वास थांबत असल्याचे दाखवले गेले. हे दोन धागे एकत्र आले ते १९७६ मध्ये, अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या क्रिस्तियाँ गियेमिनो आणि सहकाऱ्यांनी झोपेत श्वास वारंवार थांबण्याचा आजार, म्हणजे स्लीप अ‍ॅप्निया असलेल्या ८ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला तेव्हा. मोठ्याने आणि खंड पडत घोरणाऱ्या मुलाला दिवसा झोप येणे, अभ्यासात घसरण, वागण्यातील बदल, नव्याने अंथरूण ओले होणे, सकाळची डोकेदुखी किंवा वजनातील बिघाड यांपैकी काहीही असेल, तर या आजाराची शंका घ्यावी, असे त्यांनी सुचवले. प्रौढांप्रमाणे मूल दिवसभर पेंगेलच असे नाही; ते चिडचिडे, चंचल किंवा एकाग्र न होणारे दिसते, आणि म्हणूनच दोष त्याच्या स्वभावाला दिला जातो.

१९९८ मध्ये डेव्हिड गोझल यांनी पहिलीच्या वर्गात अभ्यासात सर्वांत मागे असलेली २९७ मुले तपासली. त्यांतील ५४ मुलांमध्ये झोपेतील श्वासाचा बिघाड आढळला, आणि ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली त्यांचे गुण पुढील वर्षी सुधारले. २००२ मध्ये अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने प्रत्येक मुलाच्या घोरण्याची चौकशी करावी अशी शिफारस केली. २०१२ च्या सुधारित मार्गदर्शनातही ती कायम राहिली. मात्र घोरणाऱ्या बहुतेक मुलांना स्लीप अ‍ॅप्निया नसतो, आणि टॉन्सिलच्या आकारावरून किंवा केवळ लक्षणे ऐकून तो आहे की नाही हे ठरवता येत नाही. निदानाचा मुख्य आधार झोपेची रात्रभर चालणारी तपासणी, म्हणजे पॉलिसोम्नोग्राफी, हाच आहे. तिचे निकष मुलांसाठी अधिक कडक असतात: तासाला श्वासाचे एकाहून अधिक अडथळे मुलांमध्ये सहसा असाधारण मानले जातात, तर प्रौढांमध्ये ही सीमा पाच असते.

शस्त्रक्रियेबद्दलचा उत्साह २०१३ मध्ये थोडा आवरला गेला. ५ ते ९ वर्षांच्या ४६४ मुलांच्या अमेरिकी चाचणीत लवकर शस्त्रक्रिया झालेल्या ७९ टक्के मुलांच्या झोपेच्या नोंदी सात महिन्यांनी सामान्य झाल्या, पण नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्या गटातही हे प्रमाण ४६ टक्के होते. लक्ष आणि नियोजनाच्या चाचण्यांत दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. वागणूक, लक्षणे आणि जीवनमान यांत मात्र शस्त्रक्रिया झालेली मुले पुढे होती.