बॉल जॉइंट : झीज ओळखणे व बदलणे

बॉल जॉइंट : मोटारगाडीच्या पुढच्या चाकाचा नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) आणि सस्पेन्शनचा आर्म (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा, वरखाली हलणारा दांडा) यांना जोडणारा सांधा. स्टडच्या, म्हणजे आखूड दांड्याच्या, टोकाचा पोलादी गोळा खोलगट घरात बसतो आणि माणसाच्या खुब्यासारखा एकाच वेळी वरखालीही हलतो, वळतोही. म्हणून चाक खड्ड्यात उतरत असतानाही स्टिअरिंगचे ऐकते. घराच्या तोंडावर रबरी बूट (आवरण) आणि आत ग्रीस असते. पूर्वी हे काम किंगपिन नावाची उभी खीळ करत असे. अमेरिकेत लिंकनने १९५२च्या आणि फोर्डने १९५४च्या गाड्यांत पुढच्या सस्पेन्शनला बॉल जॉइंट दिले. किंगपिन आता मुख्यतः ट्रक-बसच्या सरळ अ‍ॅक्सलवर दिसतो.

झीज बहुधा बुटापासून सुरू होते. बूट चिरला की ग्रीस बाहेर येते, पाणी आत शिरते आणि ग्रीसमध्ये कालवलेली धूळ गोळ्याला व घराला घासत राहते. आजचे बहुतेक जॉइंट कायमचे बंद असतात, ग्रीस भरायला निपल नसतो. त्यामुळे बूट फाटून धूळ आत गेली असेल, तर नुसता नवा बूट चढवण्यात अर्थ नाही.

खराब रस्त्यावर हळू जाताना खट्ट आवाज, उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवताना करकर, सरळ रस्त्यावर गाडीचे भरकटणे आणि टायरची एकच कड झिजणे ही नेहमीची लक्षणे. पण स्टॅबिलायझर बारची (गाडीचे कलणे रोखणारी आडवी दांडी) लिंक, आर्मचे बुश (रबरी खोळ), टायरॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याचे टोक) किंवा स्ट्रटचे (स्प्रिंग व शॉक अ‍ॅब्सॉर्बर एकत्र असलेला खांब) वरचे माउंट गेले तरी यांतली बरीच लक्षणे दिसतात. नुसत्या आवाजावर विसंबून निदान करणारा अनेकदा चांगलाच भाग काढून टाकतो.

खरी गोम जॅक कुठे लावायचा यात आहे. स्प्रिंगचा जोर सांध्यावर असेल, तर गोळा घरात दाबलेला राहतो आणि पार झिजलेला जॉइंटही हाताला घट्ट लागतो. म्हणून आधी स्प्रिंग कुठे बसली आहे ते पाहायचे. मॅकफर्सन स्ट्रटच्या गाडीत वजन स्ट्रटवरून नकलकडे जाते, खालच्या जॉइंटवर गाडीचे वजन नसते. अशी गाडी चासीखाली उचलून चाके लोंबती ठेवावीत, तीही दोन्ही एकदम. एकच चाक उचलले तर स्टॅबिलायझर बार आर्मला ओढून धरतो. स्प्रिंग खालच्या आर्मवर असेल तर उलट : जॅक त्याच आर्मखाली, जॉइंटच्या शक्य तितका जवळ लावायचा. स्प्रिंग वरच्या आर्मवर असेल, तर तो आर्म आणि चासी यांच्यामध्ये ठोकळा अडकवून गाडी चासीखाली उचलतात.

मग टायरखाली पहार घालून चाक वर उचकटायचे आणि त्याच वेळी आर्म व नकल यांच्यामधल्या फटीवर नजर ठेवायची. बुटाजवळ बोट टेकवले तर डोळ्याला न दिसणारा प्ले, म्हणजे सैलपणाही, जाणवतो. चाक वर-खाली धरून हलवल्यावर प्ले लागला, तर दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. प्ले नाहीसा झाला तर संशय चाकाच्या बेरिंगवर. डावी-उजवीकडे धरल्यावर लागणारा प्ले बहुधा टायरॉडचा किंवा स्टिअरिंग रॅकचा असतो. भार वाहणाऱ्या काही जॉइंटमध्ये थोडा उभा प्ले मुळातच ठेवलेला असतो. त्याची मर्यादा सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असते आणि प्ले डायल गेजने (बारीक हालचाल दाखवणारे काट्याचे उपकरण) मोजतात. काही जॉइंटमध्ये झीजदर्शक असतो : ग्रीस निपलभोवतीचा उंचवटा तळाशी समपातळीत आला की जॉइंट संपला. ही तपासणी मात्र गाडी चाकांवर उभी असताना करायची असते.

प्ले मर्यादेबाहेर गेल्यावर गाडी चालवू नये. गोळा घरातून निसटला की चाक मडगार्डखाली दुमडते, आणि ब्रेक होज (ब्रेकची नळी) व ड्राइव्ह शाफ्टही (चाक फिरवणारा दांडा) सोबत तुटू शकतात.

बदलताना गाडी स्टँडवर हवी, नुसत्या जॅकवर नाही. स्टड पिंच बोल्टने (नकल स्टडभोवती आवळणारा बोल्ट) धरलेला असेल तर बोल्ट पूर्ण बाहेर काढावा लागतो, कारण तो स्टडच्या खाचेतून जातो. निमुळता स्टड असेल तर नट काही आटे सैल करून तसाच ठेवावा, म्हणजे सांधा सुटल्यावर आर्म उसळत नाही. मग पुलर लावावा किंवा नकलच्या डोळ्यावर (स्टड बसतो त्या भोकाच्या कडेवर) बाजूने हातोड्याचा ठोका द्यावा. दुबेळके फोर्क लवकर काम करते, पण बूट फाडते. जॉइंट भंगारात जाणार असेल तरच ते वापरावे. सुटलेला नकल बाहेर झुकू देऊ नये, नाहीतर ड्राइव्ह शाफ्टचा आतला जॉइंट निखळतो.

जॉइंट आर्मला बोल्टने बसवलेला असेल तर काम सोपे. रिव्हेट असतील तर ड्रिलने उडवून जागी बोल्ट घालतात. दाबून बसवलेल्याची सर्क्लिप (खाचेत बसणारी कडी) काढून सी-आकाराच्या प्रेसने तो सरळ रेषेत काढावा व बसवावा. हातोड्याने ठोकून बसवलेला जॉइंट तिरका जातो, आर्मचे भोकही बिघडते. पुष्कळ गाड्यांत मात्र जॉइंट आर्मसकटच मिळतो. तेव्हा बुशचे बोल्ट गाडीचे वजन चाकांवर आल्यावरच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबर पिळलेल्या स्थितीत अडकून लवकर फाटते.

निमुळता भाग कोरडा व स्वच्छ हवा. नट आवळताना स्टड फिरू लागला तर खालून जॅकने दाब द्यावा. कॅसल नटची (वर खाचा असलेला नट) खाच स्टडमधल्या पिनच्या भोकाशी जुळत नसेल तर नट आणखी आवळावा, सैल कधीच करू नये. नकलचा डोळा लंबगोल झाला असेल, तर नवा जॉइंटही त्यात बसणार नाही. नकलच बदलावा लागतो. काम झाल्यावर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन) तपासून घेतात, आणि दुसऱ्या बाजूचा जॉइंटही त्याच वेळी पाहतात, कारण तोही तितकाच चाललेला असतो.