पायथनमधला कोलन आणि समासाची शिस्त आली कुठून?

पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बसलेल्याला दोन एरर हमखास भेटतात: ओळीच्या शेवटी कोलन (:) राहिला, नाहीतर खालच्या ओळीआधी सोडलेली जागा चुकली. क्लासमध्ये हे नियम नुसते पाठ करून घेतात, याचं वाईट वाटतं. कारण हे दोन्ही नियम नवशिक्यांचा विचार करूनच आले, आणि तेही पायथनच्या आधी.

ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत लँबर्ट मेर्टेन्स आणि त्यांचे सहकारी १९७०च्या दशकात शिकाऊ लोकांसाठी एक भाषा घडवत होते. सुरुवातीला तिचं नाव ‘बी’ होतं, पुढे ‘एबीसी’ झालं. १९७८ साली पोलंडमधल्या याब्वोन्ना इथे तिच्या मांडणीवर खल चालला होता. बबल सॉर्टचा, म्हणजे यादी क्रमाने लावण्याचा, एकच प्रोग्रॅम वेगवेगळ्या पद्धतींनी लिहून पाहिला, तरी एकमत होईना. शेवटी चर्चेतले एक संगणकतज्ज्ञ रॉबर्ट ड्यूअर यांच्या पत्नीला बोलावून त्यांचं मत विचारलं. पहिला नमुना समजावून सांगितल्यावर त्यांनी विचारलं, ‘फॉर’ (काम पुन्हा पुन्हा करायचा आदेश) लिहिलंय ते फक्त त्या ओळीपुरतं नाही, खालच्या ओळींनाही लागू आहे का? त्या ओळीच्या शेवटी कोलन असता तर हा प्रश्नच पडला नसता, हे तिथल्या तज्ज्ञांच्या लक्षात आलं. म्हणजे पुढे अजून काही येतंय, हे वाचणाऱ्याला सांगायला तो कोलन आहे.

कोणत्या ओळी एकत्र, हे सांगायला सी भाषेत महिरपी कंस असतात, पास्कलमध्ये ‘बिगिन’ आणि ‘एंड’. एबीसीने ते काम डावीकडच्या मोकळ्या जागेवर सोपवलं. वाचणाऱ्याला जी रचना दिसते, तीच संगणकानेही मानायची. मला हा निर्णय फार मोलाचा वाटतो.

एबीसीवर काम केलेल्या ग्विडो व्हॅन रॉसम यांनी डिसेंबर १९८९ मध्ये नाताळच्या सुट्टीत पायथन लिहायला घेतली. फेब्रुवारी १९९१ मध्ये ती लोकांसमोर आली. एबीसीतले कॅपिटल अक्षरांतले आदेश त्यांनी सोडले. चलात (किंमत साठवायच्या नावात) किंमत ठेवायला तिथे ‘पुट… इन’ असं लिहावं लागे, त्याजागी साधं बरोबरचं चिन्ह आणलं. कोलन आणि मोकळी जागा मात्र ठेवली.

डिसेंबर २००८ मध्ये आलेल्या पायथन ३ ने ‘प्रिंट’ला, म्हणजे पडद्यावर मजकूर दाखवायच्या आदेशाला, कंस सक्तीचा केला. एकाच ब्लॉकमध्ये (एकत्र धरलेल्या ओळींच्या गटात) टॅब आणि स्पेस गोंधळ होईल अशा मिसळल्या, तर तीही तिथे थेट चूक धरली जाते. त्यामुळे कंसाविना ‘प्रिंट’ लिहिलेला धडा हाती आला, तर तो पायथन २ चा आहे असं समजावं. त्या आवृत्तीची देखभाल १ जानेवारी २०२० पासून बंद आहे.