सार्माटियन: नाव एक, माणसे अनेक

सार्माटियन म्हणजे काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशातले प्राचीन भटके घोडेस्वार. ते स्वतःला काय म्हणवून घेत, हे त्यांनी कुठे लिहून ठेवलेले नाही. आपण वापरतो ते नाव ग्रीक-रोमन लेखकांचे, आणि सगळा गुंता तिथूनच सुरू होतो.

इ.स.पू. पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटसने आजच्या रशियातल्या डॉन नदीपलीकडच्या ‘सौरोमाताई’ लोकांचे वर्णन केले. त्यांच्या बायका घोड्यावर बसतात, शिकार करतात, लढतात. शत्रूचा एक पुरुष मारल्याशिवाय मुलीचे लग्न होत नाही, असे तो सांगतो. पुढच्या लेखकांकडे ‘सार्माताई’ हे नाव येते. नावे जवळची, म्हणून माणसेही तीच असे धरले गेले. प्रत्यक्षात या दुसऱ्या नावाखाली याझिजेस, रोक्सोलानी, आओर्सी, सिराकेस, अलान अशा कितीतरी टोळ्या कोंबल्या गेल्या. इ.स. ४९ मध्ये काळ्या समुद्राकाठच्या बॉस्पोरस राज्याच्या गादीवरून युद्ध पेटले, तेव्हा आओर्सी रोमच्या बाजूने लढले आणि सिराकेस विरुद्ध बाजूने. स्वतःला एक समजणाऱ्या लोकांचे हे वागणे नव्हे.

विसाव्या शतकात सोव्हिएत पुरातत्त्वज्ञांनी हीच पाटी जमिनीखालच्या पुराव्यावर लावली. व्होल्गा आणि दक्षिण उरल भागातील कुर्गान, म्हणजे मृतांवर रचलेले मातीचे उंचवटे, त्यांनी चार टप्प्यांत विभागले: आधी सौरोमाटियन, मग आरंभीचा, मधला आणि उत्तर सार्माटियन. इ.स.पू. सहाव्या शतकापासून इ.स. चौथ्या शतकापर्यंतची सुमारे हजार वर्षे त्यात बसवली गेली. ही मांडणी सोयीची आहे आणि आजही वापरात आहे. पण दफनाची रीत बदलली की लोक बदलले, की त्याच लोकांची रीत बदलली, याचे उत्तर ती देत नाही. त्यातच १९४७ मध्ये शस्त्रांसह पुरलेल्या बायकांच्या कबरी ‘मातृसत्तेचे अवशेष’ ठरवल्या गेल्या. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. मुलीच्या कबरीत बाणांची टोके सापडली तर तिच्या हाती धनुष्य होते असे म्हणता येईल. टोळीत शब्द कोणाचा चाले, हे त्यावरून कळत नाही.

भाषेचा धागा मात्र पक्का आहे. या टोळ्यांची बोली इराणी कुळातली होती आणि कॉकेशसमधली आजची ओसेटियन भाषा अलानांच्या बोलीतून आली. ओसेटियनमध्ये ‘दोन’ म्हणजे पाणी, नदी. डॉन नदीचे नाव याच मुळाचे. आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांत ज्यांचे शिलालेख आहेत ते शक या मंडळींचे भाषिक चुलतभाऊ म्हणावेत, पण सार्माटियन नव्हेत.

लांब भाला दोन्ही हातांनी पेलणारे, खवल्यांचे चिलखत घातलेले हे स्वार रोमने आधी शत्रू म्हणून पाहिले आणि मग पदरी घेतले. इ.स. १७५ च्या तहात याझिजेसना ८,००० घोडेस्वार द्यावे लागले. त्यांतले ५,५०० ब्रिटनला धाडले गेले. उत्तर इंग्लंडमधल्या रिबचेस्टरच्या शिलालेखांत सार्माटियन स्वारांच्या तुकडीचा उल्लेख आहे.

सोळाव्या शतकापासून पोलंडच्या सरदारवर्गाने आपण सार्माटियनांचे वंशज असल्याचा दावा केला. पोशाख, तलवारी, राजापुढे न वाकण्याचा बाणा, सगळे त्या वंशाच्या खाती जमा झाले. शेतकरी कुळे मात्र या वंशावळीबाहेर ठेवली गेली. अठराव्या शतकात सुधारकांनी हाच शब्द मागासलेपणासाठी वापरला.

डिसेंबर २०२३ मध्ये ‘सार्माटियन’ ही पाटी नव्याने चर्चेत आली. इंग्लंडमधल्या केंब्रिजशायरमध्ये महामार्गाच्या कामापूर्वीच्या उत्खननात एका तरुणाचा सांगाडा मिळाला होता. काळ इ.स. १२६ ते २२८ दरम्यानचा, वय १८ ते २५. डीएनए कॉकेशस आणि सार्माटियन गटांशी जुळला. दातांवरून दिसले की पाच-सहा वर्षांचा होईपर्यंत तो पूर्वेकडे राहिला आणि नंतर पश्चिमेला आला. तो कोणा स्वाराचा मुलगा होता की आणखी कोणी, ते हाडे सांगत नाहीत. त्याला एकट्यालाच चरात पुरले होते. सोबत ना बाण, ना घोड्याचे सामान.